घड्याळ कोणाच्या हातात?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असणार. तीस वर्षे ज्याने युनियनच्या कचेरीत काढली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करील? परंतु आम्ही त्यांना कळविले की, यंदा आम्ही एका खेळातल्या बोटीवर बोलणार आहोत. रेडिओने चालणारी, दीड-दोन हात लांबीची, शर्यतीची बोट. आणि तिची एक फेरी दोन-तीन सेकंद लवकर कशी पुरी करावी, एवढाच विषय. चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी फोनवर विचारले, "अहो, कंत्राटी कामगारांचे हाल तुम्ही रोज पाहता, आणि हा पोरखेळ कशाला?" प्रश्न रास्त होता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला आमचे उत्तर आहे.

प्रथम आमच्या अधिकाराविषयी दोन शब्द. आम्ही इंजिनिअर नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो; संप लांबत गेला आणि आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते फुकट वाचनालयात आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मग गावोगाव तिची रोपे लागली, त्याचा लाभ आमच्यासारख्या शाळा सुटलेल्या माणसांना फार झाला. तेव्हा जे सांगतो ते तळ्याच्या काठावर बसून, विचारून, चुकून शिकलेले आहे.

आमच्या गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साठले आणि त्याचे तळे झाले. रविवारी सकाळी कारखान्यांतली पाच-सात पोरे तेथे बोटी घेऊन येतात. कोणी लेथवर आहे, कोणी वाइंडिंगला, कोणी अजून आयटीआयमध्ये शिकतो. रेडिओने बोट हाकण्याची कल्पना काही आजची नव्हे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी छोटी बोट लोकांना दाखविली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचे पेटंट घेतले. लोकांना ती जादू वाटली होती. आज तीच जादू लेथवरच्या पोराच्या पगारात, थोडे उसने-पासने करून, बसते.

या पोरांत बसण्याची सवय लागली ती एका पोराच्या बापामुळे. तो आमच्या युनियनचा जुना सभासद. तो म्हणाला, "अण्णा, पोरगा रविवारी कुठे जातो ते जरा बघा." आम्ही बघायला गेलो आणि तेथेच बसलो. दोन-तीन रविवार गेल्यावर त्या पोराने आमच्यापुढे स्टॉपवॉच धरले. "अण्णा, काठावर नुसतेच बसता. एवढं घड्याळ धरा की."

सांगावयास संकोच वाटतो. पण आमचा हात मागे गेला. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

आमचे वडील मुंबईला एका गिरणीत साचे खात्यात होते. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही लहान असताना एके दिवशी त्यांच्या पाठीशी एक गृहस्थ पुठ्ठ्याची पाटी आणि स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. वडील मानी विणकर होते. कोणी आपले काम पाहते आहे म्हटल्यावर ते त्या पाळीत असे राबले की, धागा तुटला की निमिषात जोडलेला, कांडी संपली की तत्काळ बदललेली. त्यांना वाटले, आपला हात किती साफ आहे हे साहेबांना कळले. पुढच्या महिन्यात तोच आकडा सगळ्या खात्याला लागू झाला. एका माणसाचा एका दिवसाचा उत्तम वेग हा सर्वांचा रोजचा कोटा ठरला. ज्यांना तो झेपेना ते वडिलांकडे पाहीनासे झाले. वडिलांनी त्यानंतर मनगटाला घड्याळ कधी बांधले नाही.

हे दुःख एकट्या आमच्या घरचे नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला, त्यात थोड्या माणसांकडून जास्त यंत्रे चालवून घेण्याला विरोध हे एक मोठे कारण होते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक १९११ साली निघाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले साचेकाम करणारे कामगार, स्टॉपवॉच लावले म्हणून काम टाकून बाहेर पडले. पुढे तिथल्या काँग्रेसने शस्त्रागारांत स्टॉपवॉचवर सरकारी पैसा खर्च करायला बंदी घातली. घड्याळाने इतकी माणसे दुखावली आहेत की, आमचा हात मागे गेला यात नवल नाही.

पण पोरगा हसून म्हणाला, "अण्णा, घड्याळ बोटीला लावायचंय, आम्हांला नाही." आम्ही घड्याळ घेतले.

आता बोटीकडे वळू. तळ्यावर साठ मीटर अंतरावर दोन बोये टाकलेले असतात. बोट एका अंगाने जाते, बोयाला उजवी घालून वळते, दुसऱ्या अंगाने येते, पुन्हा वळते. ही एक फेरी. शर्यत सहा फेऱ्यांची. नवख्या माणसाला वाटते की, सरळ रेषेत जी जास्त धावेल ती जिंकेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. पण साधे गणित करून पाहा.

एक बोट सरळ रेषेत ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धावते. दोन्ही बाजूंचे मिळून १२० मीटर ती ६ सेकंदांत कापते. परंतु वळणावर ती बाहेर घसरते आणि १२ मीटर त्रिज्येचे वळण घेते. दोन वळणांचे अंतर झाले ७५ मीटर. सेकंदाला ८ मीटरने त्याला ९.४ सेकंद लागतात. फेरी १५.४ सेकंदांची. दुसरी बोट सरळ रेषेत सेकंदाला १८ मीटरच धावते, तिला ६.७ सेकंद लागतात. पण ती बोया धरून ८ मीटर त्रिज्येत वळते. वळणांचे अंतर ५० मीटर. त्याच ८ मीटरच्या वेगाने ६.३ सेकंद. फेरी १३ सेकंदांची. वळणातला वेग दोघींचा सारखाच धरला आहे, आणि वेग घेण्या-टाकण्याचा वेळ सोडून दिला आहे. तरीही कमी धावणारी बोट प्रत्येक फेरीला २.४ सेकंद पुढे राहते. सहा फेऱ्यांत १४ सेकंद. म्हणून जाणकार माणूस मोटर बदलण्याआधी वळण सुधारतो.

वळण सुधारायचे म्हणजे काय करायचे? बोट वेगात असताना तिचा फारच थोडा तळ पाण्याला लागलेला असतो. ती पाण्यात नसते, पाण्यावर असते. म्हणून तिचे वजन कोठे तोलले आहे, हा पहिला प्रश्न. आमची बोट इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची आहे. अशा बोटीचा तोल पिछाडीपासून लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांवर धरून सुरुवात करतात. बॅटरी हे सर्वांत जड सामान, तेव्हा तोल साधायचा तो बॅटरी सरकवून. बॅटरी पुढे घेतली की नाळ पाण्याला चिकटते. बोट शहाण्यासारखी चालते, पण पाणी तिला ओढून धरते. मागे घेतली की तळ सुटतो, बोट हलकी धावते. पण फार मागे गेली तर उड्या मारू लागते आणि समोरून वारा आला की नाळेखाली हवा शिरून उलटी होते. म्हणून बॅटरी पाच-पाच मिलिमीटरनेच सरकवायची. त्यात आणखी एक गोष्ट आहे. पंखा ज्या अंगाला फिरतो त्याच्या उलट अंगाला तो बोटीला कलवतो, तेव्हा सामान थोडे बाजूला सरकवून तो कल मोडावा लागतो.

दुसरा प्रश्न पंख्याच्या दांड्याचा. दांडा ज्या आधारात बसतो त्याला ही पोरे स्ट्रट म्हणतात. स्ट्रटचे मागचे टोक किंचित खाली कलले तर पंखा पिछाडी उचलतो आणि नाळ दबते. टोक वर कलले तर पिछाडी बसते आणि नाळ उठते. स्ट्रट खोल नेला तर पंख्याला भरपूर पाणी मिळते, पण मोटरवर ओझे वाढते. फार वर घेतला तर वळणातून निघताना पंखा पाणी धरत नाही, नुसता फिरत राहतो. सुरुवात तळाला समांतर ठेवून करावी आणि मग एकेक अंशाने हात लावावा.

तिसरी गोष्ट वळणाच्या पात्याची. फेऱ्या उजव्या हाताला असल्यामुळे पिछाडीला उजव्या बाजूस धातूचे एक पाते उभे लावतात. वळणात ते पाणी कापून धरते आणि बोट घसरत नाही. आमची बोट मात्र पाते असूनही घसरत होती आणि सरळ रेषेतही रेंगाळत होती. तीन रविवार आम्ही सुकाणूशी खेळलो. मग एके दिवशी तळ्यावर एक नवा मुलगा आला. तो कंत्राटदाराकडचा हेल्पर. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही. तो बोटीकडे पाहत नव्हता, बोटीमागच्या पाण्याकडे पाहत होता. दबकत म्हणाला, "साहेब, उजव्या अंगाला फवारा जास्त उडतोय. ते पातं वाकडं असंल." वर्निअर लावून पाहिले; पात्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा दीड मिलिमीटर बाहेर होती. सरळ रेषेतही पाते पाण्याला आडवे जात होते. पाते सरळ करून, पुढची कड धार लावून बसविल्यावर त्याच दिवशी फेरीमागे जवळजवळ एक सेकंद वाचला.

आता पंख्याकडे येऊ, कारण तेथे मोह सर्वांत मोठा आहे. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे जावा ते अंतर. आमचा पंखा ४० मिलिमीटर व्यासाचा, पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५६ मिलिमीटर. मोटर एका व्होल्टला २००० फेरे घेणारी. बॅटरी चार सेलची, १४.८ व्होल्टची. गुणाकार केला तर मिनिटाला २९,६०० फेरे. ओझ्याखाली त्यातले पाचवा हिस्सा कमी धरा. राहिले सुमारे २३,७००. त्याला ५६ मिलिमीटरने गुणले की ताशी ८० किलोमीटर निघतात. पाणी थोडे निसटते, त्यासाठी १५ टक्के वजा केले तर ६८. कागदावरचा हा आकडा आणि तळ्यावरचा आकडा यांत फार तफावत असेल, तर कोठेतरी बिघाड आहे असे समजावे. बहुधा शाफ्ट घासतो आहे, ग्रीस सुकले आहे, किंवा पंखा तोललेला नाही. इतक्या फेऱ्यांना पंख्याचे एक पान किंचित जड असले तरी सारा दांडा थरथरतो आणि ताकद त्यातच जाते.

मग पोरे म्हणतात, ४२ मिलिमीटरचा पंखा लावू. दोनच मिलिमीटरने काय होते? होते ते असे: फेरे तेवढेच ठेवले तर पंख्याचे ओझे साधारणपणे व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास पाच टक्के वाढला तर ओझे जवळजवळ २८ टक्के वाढते. तेवढा जास्त प्रवाह बॅटरीतून ओढला जातो आणि त्याची उष्णता होते. ५००० मिलिअँपियर-तासांची बॅटरी. तिच्यात पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा हा नियम, नाहीतर सेल मरतात. सरासरी ६० अँपियर ओढले तर चार मिनिटे मिळतात. ८० ओढले तर तीनच. बॅटरी ६० अंशांपलीकडे तापू द्यायची नाही. म्हणून प्रत्येक धावेनंतर बोट काठाला आली की आधी तापमान पाहायचे आणि मग वेळ विचारायची, असा आम्ही दंडक घातला.

पंख्याला धार लावण्याविषयी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो, कारण ती जिवाची आहे. शर्यतीचे पुष्कळ पंखे बेरिलियम-तांब्याचे असतात. त्यांत बेरिलियम दोन टक्क्यांच्या आसपास असते. धातू हातात धरला तर काही होत नाही. पण त्याला कोरडी कानस किंवा पॉलिश पेपर मारला की बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात गेली तर काही माणसांना कायमचा, न बरा होणारा आजार जडतो. अमेरिकेत ट्यूबलाइटच्या कारखान्यांतील कामगारांना हा आजार झाल्याचे हार्डी आणि टॅबरशॉ या डॉक्टरांनी १९४६ साली लिहिले. तिथल्या सरकारने हवेतील बेरिलियमची मर्यादा घनमीटरला २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली ती २०१७ साली. मधल्या सत्तर वर्षांत किती छात्या गेल्या असतील! आमचा एक पोरगा घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, मांडीशी दोन वर्षांची मुलगी घेऊन पंखा घासत बसलेला आम्ही पाहिला. तळ्यावर आम्ही कधी आवाज चढविला नाही. त्या दिवशी चढविला. आता नियम असा: घासायचे ते पाण्याखाली, ओल्या पेपरने, नीट बसणारा मास्क लावून, घराबाहेर, आणि पुसलेले फडके झटकायचे नाही, ओलेच पिशवीत बांधून टाकायचे. ज्याला हे जमत नसेल त्याने दुसऱ्या धातूचा पंखा वापरावा. अर्ध्या सेकंदासाठी फुप्फुस गहाण टाकू नये.

आता घड्याळाविषयी. घड्याळ धरणे सोपे नाही, हे धरल्यावर कळले. बटण दाबताना माणसाचा हात मागेपुढे होतो. सुरुवातीला आणि शेवटी मिळून पाव सेकंदाची चूक सहज होते. मग एका फेरीत ०.२ सेकंद वाचले असे म्हणण्याला अर्थ काय? म्हणून पाच फेऱ्या सलग मोजायच्या आणि पाचाने भागायचे. चूकही पाचाने भागली जाते. बॅटरी प्रत्येक वेळी पूर्ण भरलेली, म्हणजे १६.८ व्होल्टची असली पाहिजे. अर्ध्या बॅटरीवरची वेळ भरलेल्या बॅटरीशी ताडून पाहणे हा अन्याय आहे. वारा कोठून आहे ते लिहायचे. आणि सर्वांत मोठा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॅटरीही सरकवली, स्ट्रटही कलवला आणि पंखाही बदलला, तर बोट सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर परत कोठे जावे तेही कळत नाही.

यासाठी आम्ही शंभर पानी वही घातली. तारीख, वारा, बॅटरीची जागा, स्ट्रट, पंखा, पाच फेऱ्यांची सरासरी, तापमान, आणि शेवटी शेरा. शेरा ज्याने बदल सुचविला त्याने आपल्या हाताने लिहायचा. सुरुवातीस लेथवरचा पोरगा आपले आकडे लपवी. दुसऱ्याने जिंकू नये म्हणून. पण त्या हेल्पर मुलाने पात्याची खोड सगळ्यांसमोर सांगितल्यावर त्याला लाज वाटली असावी. त्यानेही आपली वही आणून मधे ठेवली. पहिल्या दिवशी आमची सरासरी १७.६ सेकंदांची होती. चार महिन्यांनी ती १४.२ झाली. त्या ३.४ सेकंदांतला मोठा वाटा वळणाचा आहे. मोटर तीच आहे.

आणि आता तो दिवस सांगतो, ज्यासाठी आज हे बोललो.

गेल्या हिवाळ्यात आसपासच्या पोरांनी मिळून तळ्यावर छोटी शर्यत ठेवली. आदल्या रविवारी आमच्या बोटीने एक फेरी १३.६ सेकंदांत मारली होती. वारा पडला होता, पाणी आरशासारखे होते, बॅटरी नुकतीच भरलेली होती, आणि हाकणाऱ्याचा हात त्या दिवशी लागला होता. पोरे नाचू लागली. एकजण म्हणाला, "अण्णा, आता हाच आपला टाइम. सहाही फेऱ्या यातच मारायच्या. ४२ चा पंखा लावला की बसेल."

ते शब्द ऐकले आणि आमच्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले. एका दिवसाचा उत्तम आकडा, आणि तोच उद्यापासून रोजचा कोटा! तोच हिशेब आज आमच्याच पोरांच्या तोंडी आला होता. साहेब नाही, गिरणी नाही, आणि कोणी वाईटही नाही. आम्ही वही उघडली. ४२ च्या पंख्यावर एकदाच चाचणी झाली होती. वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारली होती. मोटर ५८ अंशांवरून ८४ वर गेली होती. आम्ही विचारले, "१३.६ ही फेरी खरी आहे. पण ती बोटीची रोजची चाल आहे का? सहा फेऱ्या ती या चालीने गेली तर तिचे काय होईल, हे वहीत कोठे लिहिले आहे?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो हेल्पर मुलगा म्हणाला, "अण्णा, आमच्या लाइनीवर पण असंच करतात." पुढे त्याला काही बोलावे लागले नाही.

शर्यतीत आम्ही ४० चाच पंखा ठेवला. दुसऱ्या एका गटाने मोठा पंखा लावला होता. त्यांच्या बोटीने पहिल्या तीन फेऱ्या अशा मारल्या की काठावरची माणसे टाळ्या वाजवू लागली. चौथ्या फेरीत वळणावर तिच्यातून धूर निघाला आणि ती थांबली. तिला आणायला त्यांनी गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून फेकला. खाणीच्या तळ्यात कोणी उतरायचे नाही, हा सर्वांचा नियम आहे. आमची बोट दुसरी आली. पहिली आली ती आमच्यापेक्षा खरोखरच चांगली होती, आणि तिच्या मालकाने शर्यत संपल्यावर आपल्या स्ट्रटचा कोन आमच्या वहीत लिहून दिला.

सज्जनहो, आम्ही इतकी वर्षे घड्याळाला शत्रू समजत आलो. आज तसे म्हणवत नाही. मोजल्याशिवाय सुधारत नाही हे बोटीने आम्हांला शिकविले, आणि ते खरे आहे. परंतु मोजणी कोणाची, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तळ्यावर ज्याने मोजले त्याची चूक किती हे आम्ही आधी लिहितो. ज्याच्या हाती बोट आहे त्याला आकडा त्याच क्षणी कळतो. वेळेबरोबर तापमानही लिहिले जाते. उत्तम फेरी वहीत राहते, पण नियम ठरतो तो सरासरीवर, आणि तीही बोट शाबूत राहील अशा सरासरीवर. वाचलेले सेकंद ज्यांनी वाचविले त्यांचेच असतात. वडिलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या गृहस्थांच्या पाटीवर यांतले काय होते? वेळेचा एक रकाना होता. तापमानाचा रकाना नव्हता, आणि वडिलांना ती पाटी कधी दाखविलीही नव्हती.

म्हणून हल्ली कारखान्यात वेळ-मोजणीची बोलणी निघाली की आम्ही "घड्याळ नको" असे म्हणत नाही. आम्ही वही मागतो. किती पाळ्या मोजल्या, कोणत्या माणसाच्या, यंत्राची हालत काय होती, उष्मा किती होता, पाठदुखीची किती प्रकरणे झाली, आणि हे सारे पाहण्याचा अधिकार काम करणाऱ्याला आहे की नाही, हे विचारतो. कंत्राटी माणसाचा शेराही त्यात लिहिला जावा, असे मागतो. काही ठिकाणी ऐकतात, पुष्कळ ठिकाणी ऐकत नाहीत. ते भांडण चालू आहे आणि चालू राहील.

चालकांपैकी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आमचे उत्तर मिळाले असावे अशी आशा आहे. पोरखेळ खराच, पण पोरांनी तेथे मोजायला, लिहायला आणि एकमेकांना दाखवायला शिकून घेतले, आणि आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाचा चाळीस वर्षांचा एक राग जरा निवला. येत्या रविवारीही आम्ही सकाळी सातला तळ्यावर असू. बोटीची बॅटरी पाच मिलिमीटर मागे सरकवून पाहायची आहे, आणि घड्याळ आमच्याकडे आहे.